नंबर कुणाचा?

“मॅडम, बाईची किडनी पुरुषाला बसवली तर तो पुरुष लाजायला लागतो का?”

विचारलं मी. उभं राहून, हातात माईक घेऊन, आठवी ते दहावीच्या सगळ्या पोरापोरींसमोर. आणि हॉल जो काही फुटला! मागच्या रांगेतल्या पोरांनी बाकं बडवली. आमचे मुख्याध्यापक उपाध्ये सर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. माझ्या शेजारी दीक्षा कांबळे ओढणी तोंडात कोंबून थरथरत होती. तिच्या पलीकडं बसलेली प्रेरणा चौगुले मात्र मला ओळखतच नसल्यासारखी छताकडं बघत होती.

प्रश्न प्रेरणाचाच होता. “तालुक्यात पहिली आलीस ना वक्तृत्वात? मग एवढं विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलणार, पार सहाव्या गल्लीतल्या तुझ्या घरापर्यंत,” असं तिनं भाषण चालू असताना दीक्षाच्या पाठीमागून वाकून माझ्या कानात सांगितलं होतं. दीक्षानं साक्षीदार म्हणून मान डोलावली होती. आता मी बारावीत आहे आणि असल्या पैजा घेत नाही. पण तेव्हा नववीत होते. स्पर्धेचा कप नुकताच घरी आला होता, आणि माईक दिसला की तो आपलाच असं मला वाटायचं.

“बस खाली, मगदूम!” उपाध्ये सर ओरडले.

“राहू दे सर,” पाहुण्या मॅडम म्हणाल्या. “नाव काय तुझं?”

“सन्मती मगदूम.”

“सन्मती, नाही लाजत गं तो,” त्या म्हणाल्या. “खरं तर लाजायला हवं होतं.”

पोरींच्या बाजूनं हशा आला. पोरांना काही कळलं नाही, म्हणून तेही हसले.

मॅडमचं नाव शाहीन मुजावर. आमच्याच शाळेच्या, जयसिंगपुरातच वाढलेल्या, आता पुण्यात काम करणाऱ्या. विषय होता अवयवदान. आम्हाला वाटलं होतं डॉक्टर असतील, पांढरा कोट घालून येतील. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “मी डॉक्टर नाही. मला रक्त बघितलं की चक्कर येते. मी आकडे बघते. देशात कुणाला किडनी मिळते, कुणाला मिळत नाही, का मिळत नाही, हे आकड्यांतून शोधायचं आणि नियम करणाऱ्या माणसांपुढं ठेवायचं, हे माझं काम.” त्यावर दीक्षा पुटपुटली होती, “म्हणजे गणित. झोपा.”

पण माझ्या प्रश्नानंतर कुणी झोपलं नाही. मॅडमनी मला माईकसकट स्टेजवर बोलावलं. आणखी नऊ जणांना वर घेतलं. आम्ही आठ पोरी आणि दोन पोरं, अशी रांग लावली.

“ही दहा माणसं,” त्या म्हणाल्या, “जिवंतपणी आपली एक किडनी घरातल्या माणसाला देणारी. आपल्या देशात साधारण अशी रांग लागते. आई, बायको, बहीण. आता घेणाऱ्यांची रांग लावू.” त्यांनी आमच्यातल्या सहा पोरींना खाली पाठवलं आणि मागच्या रांगेतली, बाकं बडवणारी सहा पोरं वर बोलावली. “घेणाऱ्यांची ही अशी.”

मी दोन्ही रांगांत होते, त्यामुळं मला मजा वाटत होती. पोरांना वाटत नव्हती. त्यातला एक, सौरभ, म्हणाला, “मॅडम, बायका प्रेमळ असतात म्हणून देत असतील.”

“असतील की. माझी आईही प्रेमळ आहे. पण मी पडले आकडेवाली. मला असं विचारावंसं वाटतं, की घरातल्या पुरुषांना कुणी विचारलं होतं का?”

सौरभनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्यापुढं माईक धरला. त्यानं तो माझ्याकडंच ढकलला.

“आता दुसरी गोष्ट,” मॅडम म्हणाल्या. “माणूस मरतो, घरचे त्याचे अवयव देतात. ती किडनी कुणाला द्यायची? त्यासाठी यादी असते. रक्तगट, किती वर्षं वाट बघितली, असं सगळं घालून संगणक क्रम लावतो. संगणकाला बाई नि पुरुष यातलं काही कळत नाही. मग तिथं तरी सारखं व्हायला पाहिजे ना?”

“हो!” सगळे ओरडलो.

“होत नव्हतं. आम्ही काही हजार फोनांची माहिती तपासली. नावं काढून टाकलेली असतात, फक्त वय, बाई की पुरुष, फोन कधी गेला, उत्तर काय आलं, एवढंच. किडनी आली की दवाखान्यातून पेशंटला फोन जातो, चार-पाच तासांत या म्हणून. पुरुष पेशंट बहुतेक धावत येतात. बायकांच्या बाबतीत ‘येऊ शकत नाही’ हे उत्तर फार जास्त. आणि कारण सांगा बघू काय?”

कुणी म्हणालं भीती. कुणी म्हणालं घरात लग्न. प्रेरणा खालून ओरडली, “स्वयंपाक!”

“ताप,” मॅडम म्हणाल्या. “पेशंटला ताप आहे. ताप असला की ऑपरेशन करता येत नाही, दवाखाना पुढं काही विचारत नाही, लगेच यादीतल्या पुढच्याला फोन. आता मला सांगा, जीवशास्त्राच्या बाई कुठं आहेत? बाई, बायकांना पुरुषांपेक्षा ताप जास्त येतो का?”

आमच्या हेरवाडे बाई गोंधळल्या. “असं काही... नाही, असं नाही.”

“मलाही तेच वाटलं. म्हणून आम्ही परवानगी काढून काही घरी गेलो. एका गावात एक बाई अंगणात सांडगे घालत बसली होती. मी विचारलं, मावशी, त्या दिवशी तुम्हाला ताप किती होता? ती म्हणाली, कसला ताप? मी म्हटलं, दवाखान्यातून फोन आला होता, तेव्हा. तिनं हातातलं पीठ खाली ठेवलं. म्हणाली, मला फोन आला होता?”

हेरवाडे बाई खुर्चीत पुढं सरकल्या.

“फोन मुलाच्या नंबरवर होता,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्या घरी नवऱ्याच्या. तिसऱ्या घरी दिराच्या. वाईट माणसं नव्हती ती. आम्हाला चहा देत होती. पण उत्तर त्यांनी दिलं होतं, आणि जिची किडनी, तिला पत्ता नव्हता.”

मग मी माईकमध्ये विचारलं, आणि हा प्रश्न माझा होता. “मग तुम्ही काय केलं?”

“लिहून वर पाठवलं. देशाचं धोरण ठरवणाऱ्या समितीकडं. बघ, मी सांडगेवाल्या मावशीची गोष्ट सांगितली तर लोक म्हणतात, असतं एखादं घर तसं. हजारो फोनांचा हिशेब समोर ठेवला की तसं म्हणता येत नाही. दोनच गोष्टी मागितल्या आहेत. एक, पेशंटचा स्वतःचा नंबर घ्या. दोन, नकार पेशंटच्या तोंडून आला तरच तो नकार.”

“मिळालं?”

“कागद टेबलावर आहे,” त्या हसल्या. “टेबलं मोठी असतात.”

कार्यक्रम संपल्यावर मी जिन्यातून धावत त्यांना गाठलं. कारण माझ्याकडं सांगण्यासारखं होतं. माझ्याइतकं कुणाकडंच नव्हतं.

“मॅडम, माझ्या सुलूआत्याचं नाव आहे यादीत! चार वर्षं झाली.”

त्या थांबल्या. “कोणता रक्तगट?”

“बी पॉझिटिव्ह.”

“डायलिसिस?”

“आठवड्यातनं तीनदा. सांगलीला जाते. आज पण गेलीय.”

“तब्येत कशी आहे?”

इथं मी जरा अडखळले. “ज्यातनं डायलिसिस करतात ती हातातली नस सारखी बंद पडते तिची. डावा हात झाला, आता उजवा चाललाय. डॉक्टर म्हणाले नसा संपत आल्या. लवकर किडनी मिळाली तर बरं.”

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “यादीत फोन नंबर कुणाचा दिलाय?”

“पप्पांचा. तिचा भाऊ ना ते. तिच्या सासरच्यांनी तिला आमच्याकडं आणून सोडली ती सोडलीच. सगळं पप्पाच बघतात.”

“आत्याकडं फोन आहे?”

“आहे तर! दिवसभर शिलाईचे व्हिडिओ बघते.”

“मग तिचाही नंबर देऊन टाका. बऱ्याच ठिकाणी दुसरा नंबर घेतात, मागितला तर. पप्पा दुकानात असले, गाडीवर असले, फोन लागला नाही, असं होऊ शकतं ना?”

“आजच सांगते,” मी म्हटलं. मला तर वाटलं, देशाचं धोरण मीच सहाव्या गल्लीत लागू करणार.

प्रेरणानं पैज पाळली. दप्तर छातीशी धरून ती धापा टाकत चालत होती. “काय भरलंयस गं ह्यात, विटा?”

“कप आहे. वर्गात दाखवायला नेला होता.”

“परत?” दीक्षा म्हणाली. “दोन आठवडे झाले की त्याला!”

घरी पोचले तेव्हा मम्मी पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पप्पा दुकानातून चहाला आले होते. आमचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, स्टँडजवळ. पप्पा पाचच्या सुमाराला घरी येतात, चहा पितात, मला चिडवतात आणि परत जातात.

“या वकीलसाहेब,” ते म्हणाले. “आज कुणाला गप्प केलं?”

मी दप्तर फेकलं आणि सुरू झाले. माझा प्रश्न सांगितला. पप्पांना इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. मम्मी म्हणाली, “शरम कशी वाटत नाही गं तुला? उपाध्ये सर काय म्हणाले?” आणि तीही हसायला लागली. मग मी रांगेची गोष्ट सांगितली, आठ पोरी आणि दोन पोरं. पप्पांनी मान हलवली. “खरं आहे. बायकाच देतात.”

मम्मी म्हणाली, “मी पण दिली असती. रक्तगट जुळला नाही.”

“तुमचा काय आहे पप्पा?” मी सहज विचारलं.

“मला शुगर आहे, मला देता येत नाही. झाली की तपासणी सगळी.”

ते खरंच होतं. मला माहीत होतं. आत्यासाठी पप्पांनी काय काय केलं होतं ते मी बघत होते. सांगलीचे खेटे, डॉक्टरांच्या पायऱ्या, तिच्या जेवणातलं मीठ स्वतः तपासणं. माझी आजी मी जन्मायच्या आधीच गेली. आत्या तेव्हा सातवीत होती. पप्पांनी तिला वाढवलं, कॉलेजला घातलं, लग्न लावून दिलं आणि ती परत आल्यावर एका शब्दानं विचारलं नाही की का आलीस. घरात शेवटचा शब्द आत्याचा चालायचा. टीव्हीवर काय लावायचं, मला कोणत्या रंगाचा ड्रेस, सगळं. बटाटा बंद झाला तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली होती, “आम्ही जैन. आमच्यात आधीच बंद आहे. दुसरं काहीतरी बंद करा, मलाही जरा त्रास होऊ दे.” पाणी तिला मोजून मिळायचं. उन्हाळ्यात ती तोंडात बर्फाचा खडा धरून शिलाई मशीनवर बसायची, आणि मी बोलले की हातानंच खूण करायची, थांब, विरघळू दे.

“पप्पा,” मी म्हटलं, “यादीत आत्याच्या नावापुढं नंबर तुमचा आहे ना?”

“हां. का?”

“तिचा पण देऊया. मॅडम म्हणाल्या देता येतो.”

“कशाला? माझा फोन कायम चालू असतो.”

“तिचा पण असतो की.”

“तिला कशाला घोर? प्रत्येक फोनला दचकायची ती. माझा आहे तो बास.”

“पण मॅडम म्हणाल्या...”

“सन्मती, मॅडमना काय, भाषण देऊन पुण्याला जायचंय.”

“द्या की,” मम्मी शेंगांकडं बघतच म्हणाली. “नंबर द्यायला काय होतंय?”

“तू गप्प बस जरा.”

पप्पा मम्मीला असं कधी बोलत नाहीत. मी मम्मीकडं बघितलं. तिच्या बोटांत शेंग अर्धी उघडून तशीच राहिली होती. मला कसलाही संशय आला नव्हता, खरं सांगते. मी फक्त बोलायचं म्हणून बोलले.

“फोन आला होता का हो कधी?”

पप्पांनी कपात बघितलं. कप रिकामा होता.

“चार वर्षांत एकदा तरी आला असेल ना?” मी म्हटलं. “बी रक्तगटवाल्यांना वेळ लागतो म्हणे, पण...”

“सांगा तिला,” मम्मी म्हणाली.

“काय सांगा?” मी म्हटलं.

“अहो, सांगा. मला झेपत नाही आता. वर्ष झालं मी हे पोटात घेऊन फिरतीय. तिच्या ताटात वाढताना मला तिच्याकडं बघवत नाही.”

“पप्पा, काय?”

“आला होता,” पप्पा म्हणाले. “गेल्या वर्षी, दिवाळीनंतर. मी दुकानात होतो.”

मला पहिल्यांदा आनंदच झाला. म्हणजे यादी चालते, आत्याचा क्रम येतो, असंच डोक्यात आलं. मग मी विचारलं, “मग? दुसऱ्याला मिळाली?”

“मी नाही म्हटलं.”

“का?”

पप्पांनी कप बशीत ठेवला.

“काय सांगितलं तुम्ही त्यांना?” मी विचारलं. आणि विचारता विचारताच मला अंगणातली ती बाई दिसली, सांडग्यांच्या पिठात बरबटलेल्या हातांची. मी मनातल्या मनात म्हणत होते, दुसरं काहीतरी म्हणा, पप्पा. कुठलंही दुसरं कारण सांगा.

“तिला ताप आहे म्हणून सांगितलं.”

मी हसले. मला अजून कळत नाही मी का हसले. खिक्‌ करून, प्रेरणाच्या विनोदाला हसते तसं. पप्पांनी चमकून माझ्याकडं बघितलं. दिवाळीनंतर म्हणजे आमचं स्नेहसंमेलन. आत्या त्या सगळ्या दिवसांत माझा घागरा शिवत होती. रोज बसून, आरसे लावून. “हलू नको गं, टाचणी लागेल” म्हणत माझ्या कमरेशी गुडघ्यांवर बसलेली. तिला साधी सर्दी नव्हती.

“तिला ताप नव्हता,” मी म्हटलं.

“मला माहीत आहे.”

“तिला विचारलं होतं तुम्ही?”

“काय विचारणार होतो मी तिला?” पप्पा एकदम मोठ्यानं म्हणाले. “अर्ध्या तासात हो की नाही सांगा म्हणत होते. चार तासांत हजर व्हा. त्याच महिन्यात बिराजदारांची बायको गेली. आपल्या दुकानाशेजारचे बिराजदार. किडनी बसवली, सगळे पेढे वाटत होते, आणि नवव्या दिवशी तिला पांढऱ्या कापडात आणली. मी खांदा दिलाय तिला. आणि तो फोन वाजला तेव्हा माझ्यासमोर सुलूचा चेहरा आला तो तसाच, कापडातला. काय करू मी? डायलिसिस तर डायलिसिस, पण आहे ना ती? घरात आहे, बोलतीय, तुझ्याशी भांडतीय. तिला मी माझ्या हातानं घेऊन जाऊ आणि परत नाही आणायची?”

त्यांचा आवाज फाटला. पप्पांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण मी गेले नाही.

मम्मी हळू आवाजात म्हणाली, “एकदा चुकले ते, सन्मती. घाबरून झालं. मी खूप बोलले त्यांना. परत फोन आला तर जायचं, असं ठरलंय आमचं. एकदाच झालं ते.”

मी मान हलवली. मम्मीनंही हलवली. पप्पांनी नाही हलवली.

हे मला दिसायच्या आधी मम्मीला दिसलं.

“अहो,” ती म्हणाली. “एकदाच ना?”

पप्पांनी रिकामा कप बशीत फिरवला.

“अहो, मी काय विचारतीय?”

“मे मध्ये,” ते म्हणाले.

मम्मी उठली. मांडीवरच्या शेंगा, दाणे, सगळं फरशीवर सांडलं. तिनं खाली बघितलं नाही. “मे मध्ये काय?”

“आणखी एक आला होता.”

“मे मध्ये तिची नस बंद पडली! मे मध्ये आपण तीन दिवस मिरजेला बसून होतो! मानेत नळी घातली होती तिच्या! तेव्हा?”

“त्याच्या आधी. एक-दोन दिवस आधी.”

मम्मीनं भिंतीला हात लावला. ती म्हणाली, “तुम्ही मला शब्द दिला होता.”

“दिला होता.”

“मग?”

“मग काय सांगू?” पप्पा म्हणाले. “हो म्हटलं असतं तर तिला घेऊन जावं लागलं असतं. दवाखान्यातली ती फोनवरची पोरगी पहिलंच वाक्य काय बोलली माहितीये? म्हणाली, मगदूम काका, गेल्या वेळी ताप होता, आता बऱ्या आहेत ना सुलोचनाताई? तिथं गेल्यावर सुलूसमोर तेच बोलली असती. सुलू म्हणाली असती, गेल्या वेळी कधी? कोणता ताप? मी काय सांगणार होतो तिला? सांग की तू. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?”

“म्हणून परत ताप?” मी विचारलं.

“परत ताप.”

मी डोक्यात मॅडमचे आकडे आठवायचा प्रयत्न करत होते. हॉलमध्ये त्यांनी पडद्यावर बायकांच्या तापाची उंच रेघ दाखवली होती आणि मी सगळ्यात जोरात ‘बाप रे’ म्हटलं होतं. मला वाटलं होतं, ती रेघ कुठल्यातरी लांबच्या घरांची. न शिकलेल्या लोकांची. त्या रेघेत आमचं घर दोनदा होतं. आणि ती ज्यानं काढली तो माणूस मला रोज सकाळी शाळेत सोडायचा, आत्याच्या ताटातलं मीठ चाखून बघायचा, आणि या सगळ्या घरात तिच्यावर सर्वांत जास्त जीव लावून होता. या दोन गोष्टी मला एकत्र धरता येत नव्हत्या. आजही नीट येत नाहीत.

बाहेर रिक्षा थांबली. आत्याचा आवाज आला. रिक्षावाल्या अस्लमकाकांशी तिचं काहीतरी नेहमीचं चाललं होतं. “खड्डा चुकवायचा असतो अस्लमभाऊ, शोधून काढायचा नसतो.” ते हसले. डायलिसिसवरून आली की ती लगेच उतरत नाही, थोडा वेळ रिक्षातच बसते, चक्कर जाईपर्यंत. अस्लमकाका गाडी बंद करून थांबतात.

पप्पांनी रुमालानं तोंड पुसलं. खाली वाकून शेंगा गोळा करायला लागले, भराभर, मुठीनं.

“आत्ता काही बोलायचं नाही,” ते म्हणाले. “ऐकतीयस ना सन्मती? थकून आलेली असते ती. बीपी खाली असतं. मी सांगतो तिला, सवडीनं.”

“कधी?” मी विचारलं.

“बघू. योग्य वेळ बघून.”

“कधी, पप्पा?”

“तू लहान आहेस. ह्यात पडू नकोस. तुझी परीक्षा आलीय, अभ्यास बघ.”

मम्मी म्हणाली, “त्यांचं बरोबर आहे बाळा, आत्ता तिला...” आणि मधेच थांबली. आपण काय बोलतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती माझ्याकडं बघत राहिली. पप्पाही शेंगांची ओंजळ घेऊन, जमिनीवर गुडघे टेकलेले, माझ्याकडं बघत राहिले. बाहेर आत्या म्हणाली, “चला, उतरते आता.”

मी दारात जाऊन उभी राहिले, दोघांकडं तोंड करून.

“मम्मी, पप्पा, मी आत्याला सांगणार आहे,” मी म्हटलं. “आज. तिला आत येऊ दे, थोडं आडवी पडू दे, ती उठून बसली की मी सांगणार. दोन्ही फोनांचं. तुम्हाला आधी सांगायचं असेल तर तुम्ही सांगा पप्पा, मी शेजारी बसते. पण आज. आणि परवा डायलिसिसला तिच्याबरोबर मी जाणार, शाळा बुडवून. यादीत तिचा नंबर घालून येणार. मग फोन आल्यावर ती नाही म्हणाली तर आपण कुणी एक शब्द बोलायचा नाही. पण ते तिनं म्हणायचं.”